मेव्हन बिल्ड परत परत गंडतंय? .एमटू फोल्डर उडवायच्या आधी हे बघा

मेव्हन म्हणजे जावाचे प्रोजेक्ट बांधायचं टूल, आणि कुणाचंही त्याचं बिल्ड फेल झालं की शेजारच्या डेस्कवरून पहिला सल्ला ठरलेला असतो, ".एमटू उडव आणि परत चालव." (.एमटू म्हणजे मेव्हन उतरवलेल्या लायब्ररी ज्यात ठेवतं ते तुमच्या मशीनवरचं फोल्डर.) कधी कधी ते चालतंही, म्हणून तर हा सल्ला अजून जिवंत आहे. पण त्यात होतं काय, सगळे जार (जावा लायब्ररींच्या फाइली) परत डाउनलोड होतात, घरून व्हीपीएनवर काम करत असाल तर अर्धी दुपार त्यातच जाते, वर ज्या फाइलींमधून नक्की काय बिघडलं होतं ते कळलं असतं त्या फाइलीच आपण स्वतःच्या हाताने पुसून टाकतो, आणि मग पंधरा दिवसांनी तोच एरर परत आला की परत .एमटू उडव, असं हे चक्र चालूच.

खरंच लोकल कॅशवर संशय असेल ना, तर काहीही डिलीट न करता एक रिकामं फोल्डर देऊन बिल्ड चालवा. एमव्हीएन क्लीन इन्स्टॉलच्या पुढे -डीमेव्हन.रेपो.लोकल लिहून एखाद्या टेम्प फोल्डरचा पाथ द्यायचा. वेळ लागेल, लागू दे, तोपर्यंत चहा घेऊन या. बिल्ड पास झालं तर दोष .एमटूमध्ये आहे आणि आता नेमका कुठला जार ते शोधायचं. तिथेही तोच एरर आला तर .एमटूचा काही संबंध नाही, दुसरीकडे बघा.

दुसरीकडे म्हणजे कुठे, तर एवढंच ठरवायचं की मेव्हनला जार आणताच आला नाही, का आणला पण नको ते व्हर्जन निवडलं, का बिल्ड व्यवस्थित झालं आणि चालवताना भलताच जार पुढे आला. या तिन्हींना आपण सरसकट "डिपेंडन्सी इश्यू" म्हणतो आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावत बसतो (डिपेंडन्सी म्हणजे आपल्या कोडला लागणारी बाहेरची लायब्ररी).

जार येतच नाहीये

यात सगळ्यात जास्त फसवणारा मेसेज म्हणजे तो लांबलचक वाला, की अमुक आर्टिफॅक्ट (म्हणजे मागितलेली फाइल) मागच्या प्रयत्नात सापडला नव्हता, ते फेल्युअर लोकल रेपॉझिटरीत (.एमटूमध्ये) कॅश केलंय आणि अपडेट इंटरव्हल संपेपर्यंत परत प्रयत्न करणार नाही. लोक फक्त "वॉज नॉट फाउंड" एवढंच वाचतात आणि व्हर्जन बरोबर आहे का बघत बसतात. अहो, मेव्हन तुम्हाला सांगतंय की आत्ता मी नेटवर गेलोच नाही! सकाळी तुम्ही बिल्ड मारलं तेव्हा टीममेटने जार पब्लिश केला नव्हता, मेव्हनने तिथे .लास्टअपडेटेड नावाची फाइल ठेवून दिली, दुपारी जार आला तरी मेव्हन त्या फाइलीवर विश्वास ठेवून बसलंय. डीफॉल्ट पॉलिसी डेली आहे, म्हणून "काल चालत नव्हतं, आज आपोआप चालायला लागलं" हा चमत्कार होतो. उपाय एक अक्षराचा, कमांडला -यू जोडा, कॅपिटल यू. किंवा .एमटूमध्ये .लास्टअपडेटेडवर संपणाऱ्या फाइली शोधून तेवढ्याच डिलीट करा, बाकीच्या गिगाबाइटभर जारना हात लावायची गरज नाही.

पण -यू म्हणजे रामबाण नाही. तो फक्त जे रिलीज (पक्की व्हर्जन) मिळाले नव्हते ते आणि नवीन स्नॅपशॉट (अजून बदलत असलेली, कच्ची व्हर्जन) यांच्यासाठी परत विचारतो. रिलीज जार लोकलला आहे पण आतून खराब आहे, तर -यू कितीही वेळा मारा, मेव्हन म्हणणार जार आहे की माझ्याकडे.

आणि खराब जार कसा येतो ते एकदा बघण्यासारखं आहे. बऱ्याच ऑफिसांत आतली रेपॉझिटरी लॉगिनच्या मागे असते. सेशन संपलं किंवा पासवर्ड बदलला की काही सेटअपमध्ये सर्व्हर सरळ ४०१ (लॉगिन चुकलं) द्यायच्या ऐवजी लॉगिनच्या पानावर पाठवतो आणि वर २०० ओके म्हणतो. मेव्हन बिचारं ते एचटीएमएल पान जारच्या नावाने सेव्ह करून टाकतं. चेकसम (फाइल नीट उतरली का ते पडताळायचा आकडा) जुळत नाही म्हणून वॉर्निंग येते खरी, पण मेव्हन ३ मध्ये ती नुसती वॉर्निंगच, बिल्ड पुढे जातं, आणि पन्नास ओळींनंतर कंपायलर ओरडतो "झिप एंड हेडर नॉट फाउंड" किंवा जुन्या जेडीकेवर (जावाच्या डेव्हलपमेंट किटवर) "एरर इन ओपनिंग झिप फाइल". जारच्या ऐवजी पॉमचं (व्हर्जन आणि डिपेंडन्सी लिहिलेल्या एक्सएमएल फाइलीचं) असं झालं तर अजून वाईट, कारण तेव्हा एररसुद्धा येत नाही, फक्त एक ओळ येते की अमुक पॉम इनव्हॅलिड आहे आणि त्याच्या ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी (त्याच्यामार्फत येणाऱ्या पुढच्या लायब्ररी) मिळणार नाहीत, आणि नंतर कुठलातरी तिसराच क्लास सापडत नाही म्हणून आपण तिसरीकडेच खोदत बसतो. म्हणून पिवळ्या वॉर्निंग वाचत जा, निदान बिल्ड फेल झाल्यावर तरी. संशय असलेला जार टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, सुरुवातीला पीके अक्षरं दिसली तर झिप आहे, एचटीएमएल दिसलं तर चोर सापडला. त्या एका व्हर्जनचं फोल्डर उडवा, लॉगिन नीट करा, आणि पुढच्या वेळी कॅपिटल -सी लावून चालवा म्हणजे चेकसम चुकला की बिल्ड तिथेच थांबेल.

४०१ सरळ येत असेल तर बहुतेक वेळा पासवर्ड बरोबर असतो आणि आयडी जुळत नसतो. सेटिंग्ज डॉट एक्सएमएलमधल्या सर्व्हरचा आयडी आणि पॉममधल्या रेपॉझिटरीचा आयडी अक्षर न अक्षर सारखा लागतो, आणि मधे मिरर (रेपॉझिटरीच्या ऐवजी वापरायचा दुसरा पत्ता) टाकला असेल तर मिररचा आयडी जुळायला पाहिजे, रेपॉझिटरीचा नाही. ही शेवटची गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते. आपल्याला वाटतं एक आणि मेव्हन वाचतं दुसरंच सेटिंग, असं वाटलं तर एमव्हीएन हेल्प:इफेक्टिव्ह-सेटिंग्ज चालवा, जे खरंच लागू आहे ते सगळं समोर येतं.

जुना प्रोजेक्ट कुणीतरी तुमच्या गळ्यात मारला असेल तर दोन एरर जवळजवळ ठरलेले. एक म्हणजे ५०१ एचटीटीपीएस रिक्वायर्ड. १५ जानेवारी २०२० पासून मेव्हन सेंट्रलने (सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या मुख्य रेपॉझिटरीने) साधं एचटीटीपी बंद केलं, त्यामुळे पॉममध्ये जुना पत्ता लिहिलेला असेल किंवा मेव्हनच ३.२.३ च्या आधीचं असेल तर हे होणारच. दुसरा, मेव्हन-डीफॉल्ट-एचटीटीपी-ब्लॉकर असं नाव आणि ०.०.०.० पत्ता दिसतो, आणि लोकांना वाटतं नेटवर्क टीमने काहीतरी ब्लॉक केलं. नेटवर्क टीमचा काही दोष नाही, मेव्हन ३.८.१ पासून (एप्रिल २०२१) बाहेरच्या एचटीटीपी रेपॉझिटरी मेव्हन स्वतःच अडवतं. गंमत म्हणजे तो एचटीटीपी पत्ता तुमच्या पॉममध्ये नसतोच पुष्कळदा, कुठल्यातरी डिपेंडन्सीच्या पॉममध्ये असतो, त्यामुळे प्रोजेक्टभर सर्च करूनही सापडत नाही. एररमध्ये त्या रेपॉझिटरीचा आयडी दिलेला असतो, तो घेऊन सेटिंग्जमध्ये त्याच आयडीसाठी एचटीटीपीएसवाला मिरर टाका. जुनं मेव्हन लावून ब्लॉकर चुकवणारे आहेत, मला ते पटत नाही.

पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड (म्हणजे सर्टिफिकेटवर विश्वास बसला नाही) हा ऑफिसच्या लॅपटॉपवरचा नेहमीचा पाहुणा. कंपनीचा प्रॉक्सी एचटीटीपीएस उघडून तपासतो आणि स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतो, ब्राउझरला ते माहीत असतं कारण आयटीने ते विंडोजमध्ये टाकलेलं असतं, जावाला माहीत नसतं कारण जावाची स्वतःची वेगळी सीएसर्ट्स फाइल (विश्वासातल्या सर्टिफिकेटांची यादी) असते. जावाबरोबर येणाऱ्या कीटूलने कंपनीचं रूट सर्टिफिकेट त्यात इम्पोर्ट केलं की झालं. मग हा परत परत का येतो? कारण नवीन जेडीके टाकला की त्याच्याबरोबर नवी कोरी सीएसर्ट्स येते आणि तुमचं इम्पोर्ट जुन्याच फोल्डरमध्ये राहतं. विंडोजवर असाल तर मेव्हन ऑप्ट्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ट्रस्टस्टोअर टाइप विंडोज-रूट द्या, मग जावा विंडोजचीच यादी वापरतो आणि दर जेडीकेला इम्पोर्टची कटकट राहत नाही. नेटवर एक वॅगनचा (मेव्हनच्या जुन्या डाउनलोड यंत्रणेचा) एसएसएल इनसिक्युअर फ्लॅग फिरत असतो, तो मेव्हन ३.९ पासून तसाही चालत नाही कारण डीफॉल्ट ट्रान्सपोर्टच बदललाय, आणि चालत असता तरी सर्टिफिकेट न तपासता जार उतरवून प्रॉडक्शनला टाकणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

अजून एक साधा प्रकार, मल्टी-मॉड्यूल प्रोजेक्टमध्ये फक्त एकाच मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये जाऊन बिल्ड मारलं की कॉमन मॉड्यूलचा स्नॅपशॉट सापडत नाही, किंवा त्याहून वाईट, गेल्या आठवड्यातला जुना स्नॅपशॉट .एमटूमध्ये सापडतो आणि तुमचा नवीन बदल गायब. वरच्या फोल्डरमधून -पीएल मॉड्यूलचं नाव आणि -एएम द्या, जे जे लागतं ते तो आधी बांधून घेतो.

जार आलाय, पण भलताच

हा खरा डोक्याला ताप. बिल्ड हिरवं, टेस्ट कधी हिरव्या कधी लाल, आणि चालवलं की नोसचमेथडएरर. कोडमध्ये मेथड आहे, आयडीईमध्ये क्लिक केलं तर उघडते, आणि जावा म्हणतो अशी मेथडच नाही.

हडूप आणि हाइव्ह या बिग डेटाच्या टूल्सबरोबर काम केलेल्यांना हा एरर तोंडपाठ असेल. हाइव्ह ३.१.२ च्या लिब फोल्डरमध्ये ग्वावा (गूगलची एक जावा लायब्ररी) १९.० असतो, हडूप ३.२.१ मध्ये ग्वावा २७.०. हाइव्हचा स्कीमाटूल चालवला की प्रीकंडिशन्स डॉट चेकआर्ग्युमेंट सापडत नाही म्हणून पडतो. आता चेकआर्ग्युमेंट तर ग्वावामध्ये कधीपासूनची आहे, १९ मध्येही आहे. मग? एररमध्ये मेथडच्या नावापुढे कंसात जी विचित्र अक्षरं असतात ना, ती वाचायची सवय लावा, सगळं उत्तर तिथेच असतं. झेड म्हणजे बुलियन, मग स्ट्रिंग, मग एक ऑब्जेक्ट, आणि कंसाबाहेरचा व्ही म्हणजे व्हॉइड. म्हणजे जावा शोधतोय ती बुलियन, स्ट्रिंग आणि एकच ऑब्जेक्ट घेणारी चेकआर्ग्युमेंट. ग्वावा १९ मध्ये बुलियन, स्ट्रिंग आणि ऑब्जेक्टचा ॲरे घेणारी आहे, तीन ठिपक्यांवाली. एक ऑब्जेक्टवाली वेगळी मेथड २०.० मध्ये आली. सोर्समध्ये दोन्हीचा कॉल डिट्टो सारखा दिसतो, पण हडूपचा कोड २७ समोर ठेवून कंपाइल झाला तेव्हा बाइटकोडमध्ये नव्या मेथडची सही कोरली गेली, आणि चालवताना समोर आला १९. हाइव्हच्या लिबमधला १९ काढून तिथे हडूपवाला २७ ठेवतात, तो उपाय यामुळेच चालतो.

तुमच्या स्वतःच्या पॉममध्ये हेच होतं तेव्हा गुन्हेगार असतो मेव्हनचा निवडीचा नियम. एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन डिपेंडन्सींच्या झाडात आली की मेव्हन मोठं व्हर्जन घेत नाही, जवळचं घेतं. तुमच्या पॉमपासून जे कमी पायऱ्यांवर आहे ते जिंकतं, आणि अंतर सारखं असेल तर पॉममध्ये जी डिपेंडन्सी आधी लिहिलीय तिच्यामार्फत आलेलं जिंकतं. म्हणजे नात्यातला जवळचा, मग तो कामाचा असो नसो! ग्रेडल हे दुसरं बिल्ड टूल, तो डीफॉल्टला सगळ्यात वरचं व्हर्जन घेतो, त्यामुळे ग्रेडलवरून मेव्हनवर आलेला माणूस इथे हमखास गोंधळतो. आणि यामुळेच पॉममधल्या डिपेंडन्सी कुणीतरी "नीटनेटक्या" अल्फाबेटिकल लावल्या की ॲप पडतं आणि कमिटमध्ये तर काहीच बदल दिसत नाही, नुसत्या ओळी वरखाली.

बघायचं कसं, एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री -डीव्हर्बोज, आणि सगळं झाड नको असेल तर -डीइन्क्लूड्स लावून फक्त ग्वावाचा ग्रुप द्या. व्हर्बोज महत्त्वाचा, त्याशिवाय फक्त जिंकलेलं व्हर्जन दिसतं, हरलेलं दिसत नाही. आपल्याला तर "ओमिटेड फॉर कॉन्फ्लिक्ट विथ १९.०" अशी ओळच हवी असते. प्लगिनच्या मधल्या काही व्हर्जनमध्ये व्हर्बोज काढून टाकला होता, ३.२.० पासून परत आला, त्यामुळे तुमच्याकडे फरक दिसत नसेल तर प्लगिन अपडेट करा.

सापडल्यावर पहिला हात जातो एक्सक्लूजनकडे. माझं मत, एक्सक्लूजन शेवटी. आज एका रस्त्याने येणारा ग्वावा तुम्ही अडवला, उद्या कुणीतरी नवीन डिपेंडन्सी टाकली की तो तिसऱ्या रस्त्याने घरात. त्यापेक्षा पॉममधल्या डिपेंडन्सीमॅनेजमेंट भागात व्हर्जन एकदा ठोकून द्या, कितीही खोलवरून ती लायब्ररी आली तरी तेच व्हर्जन लागतं. फक्त दोन गोष्टी. कुणी डायरेक्ट डिपेंडन्सीमध्येच व्हर्जन लिहिलं असेल तर ते डिपेंडन्सीमॅनेजमेंटला जुमानत नाही. आणि तुम्ही लायब्ररी बनवत असाल तर तुमचं डिपेंडन्सीमॅनेजमेंट तुमच्यापुरतंच, लायब्ररी वापरणाऱ्याकडे ते जात नाही, तो बिचारा परत जवळच्याच्या नियमात अडकणार.

स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क वापरणाऱ्यांसाठी यातच एक खड्डा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीतल्या सुरक्षेच्या भोकाचं प्रकरण झालं तेव्हा सगळीकडे सल्ला होता की प्रॉपर्टीजमध्ये लॉगफोरजे२.व्हर्जन लिहून २.१७.१ द्या. स्प्रिंग बूट पेरेंट म्हणून घेतलं असेल तर हे चालतं. पण बऱ्याच कंपन्यांत पेरेंट कंपनीचा असतो आणि स्प्रिंग बूटचा बॉम (व्हर्जनांची तयार यादी) इम्पोर्ट स्कोपने घेतलेला असतो, तिथे ती प्रॉपर्टी लिहून काही म्हणजे काही होत नाही, एररही येत नाही, आणि आपण समजतो पॅच झालं! इम्पोर्ट असेल तर डिपेंडन्सीमॅनेजमेंटमध्ये ती लायब्ररी किंवा तिचा बॉम स्वतः लिहायचा, तोही स्प्रिंग बूटच्या बॉमच्या वर, कारण दोन बॉममध्ये भांडण झालं की आधी लिहिलेला जिंकतो. लिहून झालं की परत ट्री बघा, अंदाजावर सोडू नका.

हे प्रकरण कायमचं मिटवायचं असेल तर एन्फोर्सर प्लगिन लावा. त्यात डिपेंडन्सीकन्व्हर्जन्स नावाचा नियम आहे, तो झाडात एकाच गोष्टीची दोन व्हर्जन दिसली की बिल्ड पाडतो. जुन्या मोठ्या प्रोजेक्टवर तो लावला तर पहिल्याच दिवशी दोनशे ओळींची यादी येईल आणि टीम तुमच्यावर चिडेल, त्यामुळे तिथे रिक्वायरअपरबाउंडडेप्सने सुरुवात करा. तो फक्त एवढंच बघतो की कुणी मागितलेल्या व्हर्जनपेक्षा खालचं तर निवडलं गेलं नाही ना. नव्वद टक्के ताप खालचं निवडल्यामुळेच असतो (हा आकडा माझ्या डोक्यातला आहे, कुठल्या अहवालातला नाही).

लॉगिंगचं एक लगे हाथ सांगतो. ॲप चालतं पण लॉगच येत नाहीत आणि सुरुवातीला "नो एसएलएफफोरजे प्रोव्हायडर्स वेअर फाउंड" दिसतं, तर बहुतेक एसएलएफफोरजे (कोड ज्याला लॉग देतो तो इंटरफेस) २.० आलाय आणि लॉगबॅक (प्रत्यक्ष लॉग लिहिणारी लायब्ररी) १.२ वरच राहिलाय. ती जोडी जमत नाही, १.२ ची जोडी १.७ शी. लॉगबॅक वर न्या किंवा एसएलएफफोरजे खाली आणा.

बिल्डही बरोबर, ट्रीही बरोबर, सर्व्हरवर मात्र पडतं

मग मेव्हनला दोष देणं थांबवा. टॉमकॅट सर्व्हरच्या लिबमध्ये कुणीतरी जार टाकून ठेवलेला असतो, स्पार्क किंवा हडूपच्या क्लस्टरवर तर त्यांचे स्वतःचे जार आधीच क्लासपाथवर (जावा क्लास शोधतो त्या यादीत) असतात आणि तुमचा नंतर येतो. इथे ट्री बघून उपयोग नाही, जावालाच विचारायचं की क्लास कुठून उचललास. जावा ८ वर -व्हर्बोज:क्लास, ९ पासून पुढे -एक्सलॉग:क्लास+लोड, आणि आउटपुटमध्ये तुमच्या क्लासचं नाव शोधा, पुढे जारचा पूर्ण पाथ असतो. तो पाथ तुमच्या ॲपचा नसेल तर विषय संपला. क्लस्टरवरचा जार बदलायची परवानगी सहसा मिळत नाही, मग मेव्हनच्या शेड प्लगिनचं रीलोकेशन वापरा, म्हणजे तुमच्या जारमधल्या ग्वावाच्या पॅकेजचं नावच बदलून टाकायचं, दोघं एकमेकांच्या वाटेला जाणार नाहीत. जार फुगतो, स्टॅकट्रेस जरा विचित्र दिसतो, पण चालतं.

जेडीके बदलला असेल तर वरचं काही करायच्या आधी हे बघा. जॅक्सबी या एक्सएमएलच्या लायब्ररीचे जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड क्लास सापडत नसतील तर जावा ११ मधून ते काढून टाकलेत, आता वेगळी डिपेंडन्सी म्हणून घ्यावे लागतात. टूल्स डॉट जार सापडत नाही म्हणत असेल तर तो ९ पासूनच नाही, जी डिपेंडन्सी त्याला मागतेय तिचं नवीन व्हर्जन बघा. स्प्रिंग बूट ३ वर गेलात आणि जावाएक्स.सर्व्हलेट सापडत नाही, तर सगळं जकार्ता नावाखाली गेलंय, इथे जुना सर्व्हलेट जार परत आणून घालू नका, कंपाइल होईल आणि चालणार नाही, इम्पोर्टच बदला. आणि "माझ्या टर्मिनलवर चालतं, इंटेलिजेमध्ये नाही" असं असेल तर एमव्हीएन -व्ही चालवून मेव्हन आणि जावा दोन्हीचं व्हर्जन बघा आणि इंटेलिजेच्या सेटिंगशी ताडून बघा, त्याच्याबरोबर स्वतःचं मेव्हन येतं आणि जेडीकेही वेगळा निवडलेला असू शकतो.

एवढं करून अडलंच आणि सीनियरकडे जायची वेळ आली तर एररच्या शेवटच्या तीन ओळींचा स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यात "बिल्ड फेल्युअर" सोडून काही नसतं. एमव्हीएन -व्ही चं आउटपुट, पहिला एरर किंवा पहिली वॉर्निंग जिथून सुरू होते तिथपासूनचा टेक्स्ट, त्या लायब्ररीपुरतं व्हर्बोज ट्री, आणि रिकाम्या रेपो फोल्डरवर चालवून काय झालं ते, एवढं द्या. पाठवायच्या आधी त्यात कुठे सेटिंग्जमधला पासवर्ड किंवा टोकन तर आलं नाही ना, तेही बघा.